हिच्यासोबत कोण आहे?

"तांबी आत ठेवून आलीय, आणि म्हणते मूल होत नाही."

डॉक्टरीण बाई हे मला म्हणाल्या नाहीत. मशीनजवळ उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीला म्हणाल्या. मी तिथेच होते. टेबलावर आडवी, कंपनीचा शर्ट वर सरकवलेला, पोटावर गार चिकट जेली. ती मुलगी आधी गालात हसली. मग बाईही हसल्या आणि मग दोघी मोकळ्या हसल्या.

मी विचारलं, "कसली तांबी?"

"बघ, विसरली," बाई तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, ती काढल्याशिवाय दिवस कसे राहणार? एवढं साधं कळत नाही तुम्हा लोकांना?"

तुम्हा लोकांना. माझ्या आधी आत गेलेल्या बाईला त्या 'तुम्ही बसा ना' म्हणत होत्या. तिच्या अंगावर कंपनीचा शर्ट नव्हता. मी चाकणची पहिली शिफ्ट करून तशीच रावेतला आले होते. घामाचा वास येत असणार मला. पण वास आला म्हणून माणूस आपल्या पोटात काय आहे ते विसरतं का? तांबी म्हणजे गर्भाशयात बसवतात ती, मूल राहू नये म्हणून. ती विसरायला घराचं कुलूप आहे का, लावलं की नाही आठवेना?

मी विसरले नव्हते. मला माहीतच नव्हतं.

हे सांगायला तोंड उघडलं, तोवर बाईंनी हातमोजे चढवले होते. आतल्या टेबलावर चल म्हणाल्या. लगेच काढून टाकू. "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

मुंगी म्हटलं आणि माझं अंग आकसलं. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. असंच, पाय वर घेतलेले असताना. मी उठले. शर्टाच्या टोकानं पोट पुसलं, चपला पायात घातल्या. बाई मागून म्हणाल्या, "अगं चाललीस कुठे? मूल हवंय ना तुला?"

हवं होतं. तीन वर्षं हवं होतं. तरी मी चालत राहिले. का, ते त्या दिवशी मला सांगता आलं नसतं.

आम्ही मूळचे लातूरकडचे. लग्न होऊन मी मोशीला आले तेव्हा नवरा चाकणच्या एका कंपनीत कामाला होता. पुढे मीही दुसऱ्या कंपनीत ठेकेदारामार्फत लागले. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. दिवसभर उभं राहायचं. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा माहेरी जायची रीत. पण गावाकडे दवाखाना लांब, आणि इथे मोठं सरकारी रुग्णालय हाताशी. म्हणून मी गेले नाही, आईच आली. डिंक, खोबरं, जुन्या लुगड्यांची दुपट्यासाठी फाडलेली मऊ फडकी असं काय काय गाठोड्यात बांधून आली. बाळंतपण म्हणजे लढाई, आणि आपण ती पुरती तयारीनिशी लढायला आलोय, असा तिचा चेहरा होता.

रुग्णालयात आम्हाला एक सिस्टर भेटली. आमच्याच बोलीत बोलायची. शेजारच्याच तालुक्यातली निघाली. आईला तर देव भेटला. एवढ्या मोठ्या इमारतीत, जिथे कुणी नीट उत्तर देत नाही, तिथे आपल्याकडची पोरगी. आईनं तिच्या हातावर डिंकाचे लाडू ठेवले. ती म्हणाली, "काकू, काळजी करू नका. तुमची लेक ती माझी बहीण."

लेबर रूममध्ये नातेवाईक नसतात. बाई एकटी असते. शेजारच्या खाटेवरची कळांनी ओरडली तर एक जण तिच्या मांडीवर चापट मारून म्हणाली, तेव्हा नाही ओरडलीस. मला कुणी मारलं नाही. माझ्याजवळ आपली सिस्टर होती. तिनं माझा हात धरला, कपाळ पुसलं. मी मनात तिला किती दुवा दिल्या असतील.

मुलगी झाली. वार पडली. संपलं, असं वाटून मी डोळे मिटले, तर पुन्हा कुणाचा तरी हात आत. आधीपेक्षा खोल. मी डोळे उघडले. सिस्टरच होती.

"काय करताय?"

"काही नाही गं. साफ करायले. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

त्याच्या थोडं आधी दार उघडल्याचा आवाज आला होता, तो मला लख्ख आठवतो. कुणीतरी दारातून मोठ्यानं विचारलं होतं, "हिच्यासोबत कोण आहे?" आणि बाहेरून आईचा आवाज आला होता, "मी हाव." मला बरं वाटलं होतं. वाटलं, बाळाचे कपडे मागत असतील. आपलं माणूस दाराशी आहे या एवढ्याशा गोष्टीनं मला धीर आला होता.

मुलीचं नाव स्वरा ठेवलं. ती अंगावर पीत होती तोवर दुसऱ्याचा विचार नव्हता. पाळी सुरू झाली ती मात्र वेगळीच. आधी कधी नव्हतं एवढं जायचं. कंबर मोडून यायची. लाइनवर उभी असताना ओटीपोटात कळ उठायची, तर मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यायची. सुपरवायझर म्हणायचा, ताई, नाचताय काय. मी हसायची. उभ्याचं काम आहे, होणारच, असं सगळ्याच जणी म्हणायच्या.

मग आम्हाला दुसरं मूल हवंसं झालं. खरं तर मला. आम्ही दोघं कामावर, स्वरा शेजारच्या आजींकडे, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत. तिला तिचं कुणीतरी असावं असं मला फार वाटायचं. महिना जायचा, पाळी यायची. पुढचा महिना जायचा, पाळी यायची. मोशीतल्या एका डॉक्टरनं हातसुद्धा न लावता ताकद वाढवायच्या गोळ्या दिल्या. त्या खाल्ल्या. कुणी काढा सांगितला, तो प्यायले. सासू फोनवर म्हणायची, पहिलीला बरी झाली, आता काय झालं? कंपनीच्या बसमध्ये बायका माझ्या देखत दुसऱ्यांच्या डोहाळजेवणाचं बोलताना आवाज खाली घ्यायच्या. ते जास्त लागायचं.

या सगळ्यात माझ्या बाजूनं एकटी आई होती. तिनं माझ्यासाठी मंगळवार धरले. तुळजापूरला ओटी बोलली. दर आठवड्याला फोन करायची. मी रडले की म्हणायची, "थोडं थांब माय. हुईल. अजून थोडंच."

इतक्या खात्रीनं म्हणायची की मला वाटायचं, देवीनंच तिला कौल दिलाय.

रावेतहून घरी आले तेव्हा नवरा नुकताच कामावरून आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. दवाखान्यातलं हसणंही सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं पहिला प्रश्न केला.

"तू बसवून घेतली होतीस का? मला न सांगता?"

म्हणजे बघा. माझ्या शरीरात माझ्या नकळत कुणी काही ठेवलं, हे कुणाच्याच डोक्यात आधी येत नव्हतं. डॉक्टरला वाटलं मी अडाणी आहे, नवऱ्याला वाटलं मी लबाड आहे. तिसरं काही असू शकतं, ते कुणाच्या मनाला शिवेना. मी त्याच्याकडे बघितलं आणि एकदम तो आवाज आठवला. दारातला. हिच्यासोबत कोण आहे. मी हाव.

मी आईला फोन लावला. नवऱ्यासमोरच. इकडचं तिकडचं काही बोलले नाही.

"आई, मी बाळंत झाले तेव्हा तुला दारात बोलावून काय विचारलं होतं?"

आई गप्प. माझी आई गप्प राहणारी बाई नाही. रांगेत, बाजारात, बसमध्ये ती कुणाशीही बोलते. त्या गप्प राहण्यातच मला सगळं कळलं. तरी मी थांबले. तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"सिस्टर म्हणली, तांबी बसवायची का, लवकर बोला. पोरीच्या अंगाला आराम पडंल," आई म्हणाली. "म्या हो म्हणले."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तीच म्हणली, सांगू नका. पोरी भितात, लगी काढ म्हणतेत. आपल्याकडची होती गं ती."

"मी इतकी वर्षं रडत होते, तेव्हा?"

"मला वाटलं, तिची मुदत असती. सिस्टर म्हणली तीन-चार वर्सांची हाय. मुदत सरली की आपली आपण जाती, असं वाटलं मला."

मोबाइलचा रिचार्ज संपतो ना, तसं. माझ्या आईला वाटलं होतं की तांबी अशी आतल्या आत संपून जाते. काढावी लागते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हो म्हणायला लावलं आणि दार लावून घेतलं. मी विचारलं, मग ते मंगळवार? ती ओटी?

"मुदत लवकर सरावी म्हणून," आई म्हणाली.

हसावं की रडावं? माझी आई उपाशी राहत होती, माझ्यासाठीच. आणि जे एक वाक्य बोलली असती तर माझं रडणं एका दिवसात थांबलं असतं, ते गिळून बसली होती. जावई काय म्हणेल, सासू काय म्हणेल, याची भीती. सिस्टरला दिलेला शब्द. सगळ्यांची भीड तिला होती. एक माझी तेवढी नव्हती. कुंपणानंच शेत खावं तसं झालं हे. आणि ओरडावं कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

मी फोनवर तिला पुष्कळ बोलले. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी ती रडत म्हणाली, "मला तरी कुणी इचारलं होतं का? तिसऱ्या पोराच्या टायमाला तुझ्या आज्यानं सांगितलं, आन् केलं माझं आपरेशन. मला घरी आल्यावर कळलं."

हे तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं. ऐकून माझं काळीज विरघळायला हवं होतं, नाही का? तसं झालं नाही. राग वाढला. जे आपल्याला झालं, त्याची आग आयुष्यभर सोसली, तर तेच लेकीला होताना तुझ्या तोंडून नको कसं आलं नाही? ज्या दारात तू नागवली गेलीस, त्याच दारात उभं राहून तू माझ्या वतीनं हो म्हणालीस. मी फोन ठेवला. कित्येक आठवडे तिच्याशी बोलले नाही.

त्याच आठवड्यात रजा टाकून मी त्या सरकारी रुग्णालयात गेले. नवरा म्हणाला, सोबत येऊ का. मी नको म्हणाले. सिस्टर बदलून गेली होती. ड्यूटीवर एक डॉक्टर होते, वयानं मोठे, बोलायला शांत. त्यांनी ऐकून घेतलं. मला आशा वाटली. मग ते म्हणाले, घरच्यांना विचारलं होतं ना? मी म्हणाले, मला नाही. ते म्हणाले, त्या वेळी बाई समजून घ्यायच्या अवस्थेत नसते. मी म्हणाले, मी नऊ महिने तुमच्याकडे तपासायला येत होते, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. तेव्हा विचारायचं.

ते हसले. रागावले नाहीत, हसले. "तुझ्या भल्यासाठीच केलं ना? इथे इतक्या बायकांना बसवतो आम्ही. आजवर एकीनं तक्रार केली नाही."

"त्यांना माहीत असतं तर केली असती," मी म्हणाले.

त्यांचं हसू गेलं. पुढच्या पेशंटला आत घ्या म्हणाले. मी बाहेर आले. बाहेरच्या बाकांवर आयाबाया बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर गाठोडं, कुणाच्या हातात गरम पाण्याचा थर्मास. आतून आवाज आला की ताडकन उठायच्या. प्रत्येकीचा जीव आत अडकलेला. आणि तेवढ्यात दार उघडलं, एक जण ओरडली, "हिच्यासोबत कोण आहे?" एक म्हातारी पदर सावरत धावली. आत जी कोण होती, तिला न विचारता काय काय ठरणार होतं, देव जाणे. मी त्या म्हातारीला अडवायला हवं होतं. अडवलं नाही. दार लागलं.

आमच्या लाइनवर डोक्याच्या वर एक पिवळा दोर असतो. वायर चेपलेली दिसली, क्लिप बसली नाही, काही शंका आली, तर तो ओढायचा. घंटी वाजते आणि लाइन थांबते. ठेकेदाराची कालची पोरगी असली तरी तिनं ओढला की सगळी लाइन थांबते. पहिल्याच दिवशी शिकवतात, शंका असताना पुढे ढकलायचं नाही. मीही ओढलाय तो दोर. सुपरवायझर धावत येतो, काय झालं ताई, असं विचारतो. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि वर बघितलं. परक्याच्या गाडीतल्या वायरीसाठी मी लाइन थांबवू शकते. माझ्या अंगात हात गेला तेव्हा मला ओढायला काही नव्हतं. रावेतच्या त्या टेबलावरून मी का उठले, ते मला त्या दिवशी कळलं. ती बाई माझ्या फायद्याचंच करणार होती. पण पुन्हा तसंच. न सांगता, न विचारता, मुंगीचं नाव घेऊन.

मी रावेतला परत गेले. त्याच दवाखान्यात, त्याच बाईंकडे. दुसरीकडे जाता आलं असतं. पण हसल्या त्या होत्या.

या वेळीही कंपनीचा शर्ट घालून गेले, मुद्दाम. बाईंनी ओळखलं. आलीस का, झोप, म्हणाल्या. मी खुर्चीवर बसले.

"आधी सांगा. काय करणार, कसं करणार, दुखेल का, नंतर काय होईल. मग मी ठरवीन."

"अगं, तुलाच काढायची आहे ना?"

"हो. पण हात लावायच्या आधी सांगा. आणि मला अहो म्हणा. बाहेरच्या बाईंना म्हणता तसं."

ती शिकाऊ मुलगी खाली बघू लागली. बाईंचा चेहरा आंबला. त्या बोलल्या, पण माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं. मी मध्येच थांबवलं, हे पुन्हा सांगा म्हणाले. त्यांनी पुन्हा सांगितलं. तांबीचा दोरा दिसत नाही, म्हणून चिमट्यानं काढावी लागेल. दुखेल. थोडं रक्त जाईल. मी अजून दोन गोष्टी विचारल्या. बाहेर पेशंट ताटकळत होते, ते मला दिसत होतं. बसू दे, म्हटलं मनात.

मग मी म्हणाले, "आता काढा."

दुखलं. चांगलंच दुखलं. मुंगीबिंगी काही नव्हती. पण दुखणार हे मला माहीत होतं, आणि मी हो म्हणाले होते. मी दाखवा म्हणाले, तर त्यांनी ट्रेमधली ती वस्तू दाखवली. एवढीशी. काळवंडलेली. माझी तीन वर्षं, माझ्या नवऱ्याचा संशय, माझ्या आईचे मंगळवार, सगळं तेवढ्यात मावलं होतं. बाईंनी माफी मागितली नाही. मीही थांबले नाही.

आता मला आठवा आहे.

नवऱ्यानं त्या प्रश्नाबद्दल माझी माफी मागितलीय. तो आठवला की अजून माझं मन खट्टू होतं, हे त्यालाही माहीत आहे. आईशी बोलणं सुरू झालंय. ती विचारते, येऊ का बाळंतपणाला. तिला माफ केलं का, तर नाही. तिला बोलावलंय, एवढंच. स्वराला सुई टोचायला नेते तेव्हा तिथली सिस्टर म्हणते, काही नाही गं, मुंगी चावेल. मी मध्ये पडते. सुई आहे बाळा, दुखेल, मी धरते तुला, असं सांगते. ती रडते. पण माझ्याकडे विश्वासानं बघत रडते.

या वेळी सरकारी रुग्णालयातच जाणार आहे. दुसरीकडे जाऊन सुटता येईल, पण ते दार तसंच राहील. तपासायला जाते तेव्हा दरवेळी डॉक्टरांना सांगते, तांबी नको, मला न विचारता काही नको. वैतागतात. सांगतेच. बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघी पोटुशी आहेत, त्यांनाही सांगितलंय. एकीच्या सासूनं मला नावं ठेवली म्हणे.

माझी शुद्ध हरपली, तर जीव वाचवायला लागेल ते करा आणि त्याच्या पुढे एक बोटही नाही, हे मी नवऱ्याकडून तीनदा वदवून घेतलंय. आणि आईला फोनवर बजावलंय. ये. बाकावर बस. दार उघडेल, कुणीतरी ओरडेल, हिच्यासोबत कोण आहे. तू उठायचं नाहीस. तो आवाज कितीही मोठा होवो, कितीही घाई करो, आपल्याकडची कितीही गोड बोलो. तोंड उघडायचं नाही.

आई म्हणाली, "मग उत्तर कोण देणार?"

मी आत असेन. मी देईन.